चार बोटांची फट

दुपारी शटर ओढून दुकानदार जेवायला गेला, तसा धाकटा मागच्या दाराने आत शिरला. हातात दादाचाच घण होता.

घर जुनं, लाकडी, दोन मजले वर. वर कोरीव सज्जे. खाली मात्र कधीतरी भिंत फोडून काच लावलेली. काचेआड एकच खांब उरला होता. "गिऱ्हाइकाला माल दिसत नाही," म्हणत दुकानदाराने तोही काढायला लावला.

दादा सुतार, धाकटा त्याच्या हाताखाली. खांबाऐवजी तुळई घालायची होती. दोघांची रीत ठरलेली : धाकट्याने वरून पाचरी ठोकायच्या, भार बसला की दोन ठोके द्यायचे. मगच दादा खालचा टेकू काढणार.

दुकानदाराला कुठला धीर? त्याने बाहेर पाटीचे खिळे मारायला घेतले. ठक, ठक.

दादाने टेकू काढला, आणि तुळई त्याच्यावर आली.

दादा गेला, आणि आठ दिवसांत दुकान उघडलं. नव्या टेकूला गुलाबी रंग. शिवाय दुकानदार चारचौघांत म्हणाला, "धाकटा वर झोपला असेल."

धाकट्याने दात आवळले. वरचे मजले रिकामेच होते. पडू दे सगळं. आपल्यावर पडलं तरी पडू दे. त्याने सगळा जीव एकवटून टेकूवर घण घातला. टेकू धाडकन आडवा झाला.

घर करकरलं... आणि थांबलं.

अंधारात ताज्या भुशाचा वास सुटला. मग डोक्यावरून आवाज आला. ओझं उचलताना दादा कण्हायचा, तसा.

"दादा...?"

"भार बसला का रे...?"

धाकट्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने धडपडत टेकू उचलला, होता तिथे उभा केला. टेकू पुरेना. तुळई आणि त्याच्यात चार बोटांची फट होती. मघाशी तर केसही शिरला नसता.

"लवकर सांग... हात भरून आलेत..."

तेवढ्यात बाहेरून शटरवर दणका बसला.

"आत कोण आहे?"

वरचं कण्हणं थबकलं. कान देऊन ऐकावं, तसं.

"शेठ, पाया पडतो," धाकटा कसाबसा म्हणाला, "पुन्हा वाजवू नका."

"तू होय? मला सांगतोस?"

शटरच्या जाळीतून त्याला दुकानदाराची वर उचललेली मूठ दिसली.