बाबांची म्हातारी

आमच्या घरात मोटारसायकलला 'म्हातारी' म्हणतात, आणि हे नाव ती अगदी कोरी असताना आईने ठेवलेलं आहे. बाबांनी हौसेने पहिली किक मारली, गाडी खोकली, विझली, पुन्हा खोकली. आई दारातून म्हणाली, "अगबाई, म्हातारीच आणलीत की हो!" नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे आई गेली, मी परत याच घरात राहायला आले, बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि म्हातारी माझ्या ताब्यात आली. मी तिच्यावरून कामाला जायला लागले.

माझं काम पाणी तपासण्याचं. शहरभरातून बाटल्या येतात, त्यात काय आहे ते आम्ही सांगतो. अमक्या विहिरीचं पाणी 'बाधतं', तमक्याचं 'मानवतं' असं कोणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. मोजा आणि मग बोला. शिवाय एकदा आलेला निकाल आम्ही खरा धरत नाही. तोच नमुना पुन्हा लावतो, पुन्हा तेच आलं तरच सही करतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून मला कोणी भोळसट म्हणायला नको.

तर म्हातारी आता खरंच म्हातारी झाली होती. चढावर धापा टाकायची, सकाळी चार लाथा खाल्ल्याशिवाय उठायची नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, परगावी असतो. त्याचं फोनवर एकच टुमणं होतं.

"अगं, तिचं एकदाचं पूर्ण काम करून टाक. नट न् नट उघडायचा, गंजलेलं फेकायचं, नवीन घालायचं, रंग द्यायचा. अशी चकाचक होईल की लोक थांबून बघतील."

"मला ती कामावर न्यायची आहे रे. लोकांना दाखवायला नाही."

"मग एक दिवस ती वाटेत आडवी होईल आणि तुलाही आडवी करेल."

खिडकीतल्या खुर्चीतून बाबा ओरडले, "त्याला सांग, तिला काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर शेजारी मलाही बसवा!" आणि मग खोकले. बाबांचा तो खोकला माझ्या शाळेपासूनचा, सुका, तीनदा वर जाऊन मग खाली येणारा. आम्हाला तो ऐकूच येईनासा झाला होता.

शेवटी मी मधली वाट काढली. गाडी एकदम उघडायची नाही. सुट्टीच्या दिवशी एकेक काम करून घ्यायचं आणि एरवी चालवायची.

गल्लीच्या टोकाला मिस्त्रीचं गॅरेज आहे. मिस्त्री बडबड्या, स्वतःच्या कामावर खूश, आणि त्याची एक शिस्त होती. गाडीतून काढलेला प्रत्येक जुना भाग तो गोणपाटाच्या पिशवीत भरून मालकाच्या हातात द्यायचा. म्हणजे नवीन घातलं की नाही, अशी उद्या कोणी शंका घ्यायला नको. मी ती पिशवी घेतली नाही.

"मला काय करायचंय ते भंगार? टाका तिकडेच."

"जुना माल घरी न्यावा, ताई. नवीन रुळेपर्यंत तरी राहू द्यावा."

"आमच्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही," मी म्हणाले. त्याने खांदे उडवले आणि पिशवी कोपऱ्यात सारली.

पहिल्यांदा त्याने कार्ब्युरेटर नवीन बसवला. गाडी एका किकमध्ये उठली. त्याच आठवड्यात बाबांचा खोकला गेला. मला ते लगेच कळलंही नाही. जेवताना काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं की घरात खोकला नाही. डॉक्टरांनी नव्या औषधाला शाबासकी दिली. मीही दिली.

मग पुढचे-मागचे शॉकअब्सॉर्बर बदलले. खड्ड्यातून गाडी अलगद जायला लागली, आणि बाबा जिना कठडा न धरता उतरायला लागले.

"मिस्त्रीला सांग, जमलं तर माझे दातही बघ म्हणावं," बाबा म्हणाले. आम्ही दोघं खूप हसलो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसं काहीतरी असणार. मी मनावर घेतलं नाही.

त्यानंतर सीट. जुनी सीट लांबलचक, पुढे बाबांच्या वजनाने खोल बसलेली. मागच्या भागात एका बाजूला उथळ खळगा होता, तिथे आई वर्षानुवर्षं दोन्ही पाय एकीकडे सोडून बसायची. मिस्त्रीने ती काढून नवी बसवली. छान, भरीव, घट्ट.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर बाबा खिडकीतल्या खुर्चीत नव्हते. दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. एखाद्या कचेरीत आपला नंबर कधी येतोय म्हणून माणूस बसतो ना, तसे.

"इथे का बसलात?"

"बरं आहे इथे."

जेवताना मी सहज आईचा विषय काढला. तिच्या फोटोची काच तडकली होती, ती बदलायची होती. बाबांनी मान वळवून फोटोकडे नीट पाहिलं.

"हो, हो," ते म्हणाले. "बाई फार चांगल्या होत्या."

माझा घास हातातच राहिला. मला वाटलं थट्टा करताहेत. पण थट्टा करताना बाबांची डावी भुवई वर जाते, ती जागची हलली नव्हती. नंतर त्यांची खोली आवरायला गेले, तर उशीला खळगा नव्हता. दुपारभर झोपून उठले होते, पण गादी, उशी, चादर कशालाच त्यांचा दाब पडला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, स्मरणशक्तीचं असं होतं. मला ते पटलं. पटवून घेतलंच म्हणा ना. पण मनात एक किडा वळवळत होता, आणि मला माझीच लाज वाटत होती. मोटारसायकलची सीट बदलली म्हणून माणूस बायकोला विसरतो! हे कोणी मला प्रयोगशाळेत येऊन सांगितलं असतं तर मी त्याला दार दाखवलं असतं. त्या किड्याला ठेचायचा मला एकच मार्ग ठाऊक होता. नमुना पुन्हा लावायचा.

"मिस्त्री, हँडलच्या मुठी बदला. फक्त मुठी. आणि या वेळी जुन्या फेकू नका."

"मुठी तर चालताहेत की, ताई."

"बदला म्हटलं ना."

त्या रबरी मुठींवरचे कंगोरे बाबांच्या तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झाले होते. मिस्त्रीने त्या ओढून काढल्या, नव्या ठोकल्या. पाच-दहा मिनिटांचं काम.

आता बाबांची एक सवय सांगते. मी सकाळी हेल्मेट घालून निघाले की ते दारात येतात, हेल्मेटवर बोटांनी टकटक करतात आणि विचारतात, "कोणी आहे का घरात?" मी चाळिशी ओलांडली तरी हे चालूच. मुठी बदलल्यावर दुसऱ्या सकाळी मी हेल्मेट घालून त्यांच्यासमोर मान वाकवली. काहीच झालं नाही. वर पाहिलं तर ते शांतपणे उभे होते, हात दोन्ही बाजूंना सोडलेले.

"काही राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात हातात घेतला. आयुष्यभर पाना आणि करवत धरलेला तो हात, त्याला घट्टे होते, अंगठ्याला जुनी चीर होती. आता तळवा मऊ आणि सपाट होता. घट्टे नव्हते, चीर नव्हती, आणि रेषाही नव्हत्या. नुसती कातडी.

मी तशीच गाडी दामटत गॅरेजमध्ये गेले, जुन्या मुठी परत बसवून घेतल्या. घरी येऊन हेल्मेट काढणार तोच वर टकटक झाली.

"कोणी आहे का घरात? की सकाळीच कामाला दांडी, ठमे?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडले. बाबा पाठीवरून हात फिरवत राहिले, खरखरीत, घट्टे पडलेला हात. पण खिडकीतल्या खुर्चीकडे ते गेले नाहीत. जुन्या सीटची चौकशी केली तेव्हा मिस्त्री म्हणाला, भंगाराची गाडी येऊन गेली. कुठे गेली त्याला माहीत नव्हतं. मी शहरातले सगळे भंगारवाले पालथे घातले. सीट मिळाली नाही.

आईच्या फोटोकडे बाबा अजूनही परक्यासारखे बघत होते.

मोठं काम असं आता इंजिनाचंच उरलं होतं. मिस्त्रीने ते कान लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "पिस्टन झिजलाय, ताई. आज ना उद्या जाम होणार. सिलिंडर आतून बोअर करून नवीन पिस्टन घालू, मग वीस वर्षं बघायला नको."

वीस वर्षं! बाबा आणखी वीस वर्षं, धडधाकट. कुठली मुलगी नाही म्हणेल? आणि त्या वीस वर्षांत माझ्या घरात ताठ पाठीने कोण बसलेलं असेल, हे मला दिसत होतं. दादाला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला विश्रांतीची गरज आहे. काम पूर्ण करून टाक आणि मोकळी हो."

मी दोन्ही केलं नाही. इंजिन उघडलं नाही आणि गाडी चालवलीही नाही. तिच्यावर ताडपत्री टाकली आणि जिन्याखाली उभी केली. मला वाटलं, आहे तसं सगळं थांबेल.

थांबलंच. बाबा अंथरुणातून उठेनात. ताप नाही, दुखणं नाही, रक्ताचे सगळे अहवाल उत्तम. पाय गार. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडायचे. भरवलं तर घास तोंडात तसाच राहायचा. एका सकाळी मी ताडपत्री उचलून पाहिली. किकच्या दांड्यावर गंजाचा पहिला लालसर थर आला होता. वर आले, तर बाबांच्या ओठांच्या कडांना तोच रंग होता.

"बाबा," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "इंजिन करू का नवीन? तुम्ही सांगाल ते करते."

मग ओठ हलले.

"आतलं राहू दे."

"मग ती फार दिवस नाही चालणार हो."

"चालेल तितकी चालेल. चालवायलाच आणली होती." त्यांनी माझं मनगट धरलं. "झाकून नको ठेवूस, ठमे. मला गुदमरायला होतं."

मी खाली गेले, ताडपत्री फाडूनच काढली आणि किक मारली. सातव्या-आठव्या लाथेला म्हातारी उठली. वर पाहिलं तर बाबा जिन्यात उभे होते, शर्टाची बटणं लावत.

"मला मागे बसव," ते म्हणाले.

टळटळीत दुपार होती. आम्ही तलावाकडच्या रस्त्याला लागलो. बाबांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता, आणि ते बोलत होते, कितीतरी दिवसांनी. कुठलं वळण फसवं आहे, कुठे पूर्वी विटांची भट्टी होती. मी आरशात पाहिलं, तर डावी भुवई वर गेली होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

पुलाच्या पुढे चढ सुरू झाला. इंजिनातून खडखड यायला लागली. मागे बाबांचा श्वास तुटायला लागला. मी वेग कमी केला, तसा तो सावरला.

"मागे फिरू या, बाबा."

"चढ काढ. वर वारा असतो."

मी मूठ पिळली. खडखड वाढली. खांद्यावरची बोटं रुतायला लागली.

"बाबा, पुरे!"

"काढ गं. आलंच."

चढ संपला त्याच क्षणी मागचं चाक आवळल्यासारखं झालं. मी क्लच दाबला. गाडी आपल्याच ओढीने थोडी पुढे गेली आणि एका झाडाखाली थांबली.

मी दोन्ही पाय जमिनीवर रोवून तशीच बसून राहिले.

"बाबा?"

"हं."

"पाणी देऊ?"

"घाई नको. थंड होऊ दे."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. कापडातून चटका बसत होता.

रस्त्यावर कोणी नव्हतं. त्या शांततेत मला टिकटिक ऐकू आली. तापलेलं लोखंड निवायला लागलं की होते तशी, बारीक, कोरडी. कुठल्याही गाडीची होते. मी वाकून इंजिनाजवळ कान नेला.

इंजिन गप्प होतं.

मी सरळ झाले. मागे वळून पाहिलं नाही.

टिकटिक माझ्या मानेच्या मागून येत होती. दोन आवाजांमधलं अंतर वाढत चाललं होतं, आणि खांद्यावरचा हात हळूहळू निवत होता.