खिंडीतला हिरवा ठिपका

बस खिंडीत बंद पडली तेव्हा सगळे प्रवासी ड्रायव्हरवर वैतागले. ती मात्र वैतागली फोनवर. रस्त्याकडेच्या कठड्यावर चढून, हात उंच करून तिनं फोन उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला... रेंजची एक काडी येईल तर शपथ.

"आणखी थोडं वर धरलंत तर ढगाला लागेल," खालून कोणीतरी म्हणालं.

वळणावर एक पांढरी गाडी उभी होती. टपावर बुटकी अँटेना, आत डॅशबोर्डवर ओळीनं बसवलेले चार फोन, आणि बॉनेटला टेकून थर्मासच्या झाकणातून चहा पिणारा एक लांबोडका माणूस. त्याच्या केसांवर धुकं बसलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"इथं रेंज आहे," ती ठसक्यात म्हणाली. "नकाशावर ही खिंड हिरवी आहे."

"कोणी केलाय हो तो नकाशा? त्याला एकदा भेटायचंय मला."

"भेटलात," ती म्हणाली.

चहा त्याच्या नाकात गेला.

ती मोबाईल कंपनीच्या विभागीय ऑफिसात नुकतीच लागली होती. कुठल्या टॉवरवर एलटीई, म्हणजे फोरजी, चढलं आणि कुठं अजून काहीच नाही, याचा नकाशा सांभाळणं हे तिचं काम. खिंडीतला हिरवा रंग तिच्या आधीच्या माणसानं भरला होता, टॉवर नुसता मंजूर झाल्याच्या आनंदात. आणि हा लांबोडका त्याच कंपनीचा निघाला. गावोगाव गाडी फिरवायची आणि फोन कुठं लागतो, कुठं तुटतो ते तपासायचं, ही त्याची नोकरी. त्यानं तिला चारही फोन दाखवले. चारही मेलेले. एकानं तरी तुमची बाजू घ्यायला हवी होती, तो म्हणाला, पण चौघांचं एकमत आहे.

तिला हसू आलं आणि लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या तिनं खिंड पांढरी करून टाकली, आणि नियमच घालून दिला. काही नसेल तिथं पांढरा. टॉवर सुरू झाल्याचा निरोप आला की पिवळा. आणि गाडी फिरून, दोन्हीकडून ऐकू येतंय हे तपासून झाल्याशिवाय हिरवा नाही म्हणजे नाही. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. वरच्या लोकांना हिरवा रंग फार आवडतो, असंही सुचवून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही. ऑफिसात तिचं नाव नकाशावाली पडलं, आणि त्याचं आपोआप गाडीवाला.

आवाज तपासायचा तर फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. तो माणूस ती झाली. तो गाडी चालवत असायचा आणि फोन स्टँडवर चालू असायचा. दोघांनी बोलत राहायचं आणि मधून मधून एकमेकांना विचारायचं, "ऐकू येतंय का?" एवढाच नियम. काय बोलायचं ते नियमात नव्हतं. सुरुवातीला तो रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायचा. पाट्या संपल्या की दिसेल ते सांगायचा. पंक्चरचं दुकान, दुकानदार झोपलेला. शाळेची भिंत, भिंतीवर कोणीतरी केलेलं चुकीचं गणित. तारेवर वाळत घातलेला एकच मोजा... दुसरा कुठं गेला असेल, यावर दोघांचं एकदा पार नदीच्या पुलापर्यंत भांडण चाललं होतं.

तिच्या खोलीला खिडकी नव्हती. समोर नुसती स्क्रीन, त्यावर नकाशा आणि नकाशावर त्याच्या गाडीचा सरकणारा ठिपका. तो बोलायला लागला की त्या ठिपक्याभोवती झाडं दिसायची, माणसं दिसायची. शेजारच्या टेबलावरच्या ताई आधी कौतुकानं ऐकायच्या, मग चेष्टा करायच्या, आणि शेवटी शेवटी त्यांनी कानात कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली.

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

"कसं येतंय?"

"हा प्रश्न चाचणीत नाही."

"हा माझ्याकडून आहे..."

ती उत्तर द्यायची नाही. पण हसायची, आणि ते हसणं त्याला स्पष्ट ऐकू जायचं.

खिंडीत मात्र फोन तुटायचाच. पलीकडे उतरला की तो पुन्हा लावायचा आणि ती विचारायची, काय म्हणत होतात? एकदा तो म्हणाला, तुमच्याबद्दलच बोलत होतो. चांगलं की वाईट, तिनं विचारलं. ते तिथला टॉवर सुरू झाल्यावर कळेल, तो म्हणाला. थट्टाच होती ती. पण पुढे पुढे खिंड जवळ आली की त्याचा आवाज हळू व्हायला लागला, आणि फोन तुटल्यावर हा आता काय बोलत असेल या विचारानं तिचा जीव वरखाली व्हायला लागला. प्रेमात पडली होती, दुसरं काय. तिला ते कळलं होतं, ताईंना तिच्याही आधी कळलं होतं. साहेबांना कळायचं राहिलं होतं, पण त्यांना बरंच काही कळायचं राहायचं.

अशातच मामानं स्थळ आणलं. मुलगा बँकेत, स्वभावानं शांत, चष्मा जाड. नाव ठेवायला कुठं जागाच नाही, हीच मोठी पंचाईत. आई म्हणाली, रविवारपर्यंत हो-नाही काय ते सांग, लोकांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. तिनं हे गाडीवाल्याला हसत हसत सांगितलं. तो एक पाटी वाचत होता, ती त्यानं अर्ध्यावरच सोडली.

"रविवार म्हणजे... हाच?"

"हाच."

"खिंडीतला टॉवर कधी सुरू होतोय?"

"शनिवारी होईल म्हणतात."

"शनिवारी मी इथलं काम संपवून परत येतोय. मग दुसऱ्या विभागात पाठवणार आहेत मला." त्याचा आवाज हळू झाला. "खिंड हिरवी झाली ना, की तिथूनच बोलतो. इतके दिवस तिथं एकटाच बोलत आलोय. एकदा तरी तुम्हाला ऐकू जाऊ दे."

ती नुसतं बरं म्हणाली. घरी येऊन मात्र खोलीचं दार लावून आरशासमोर उभी राहिली आणि तिनं "हो" म्हणायचा सराव केला. आधी लाजून, मग सहज, मग जरा भाव खात. आईनं दाराबाहेरून विचारलं, कोणाला हो म्हणतेयस गं? कोणाला नाही, ती म्हणाली, आणि तोंडावर उशी दाबून हसली.

शनिवारी दुपार झाली तरी निरोप नाही. टॉवरवाले काका, म्हणजे टॉवरवर चढून तारा जोडणारे म्हातारे मेकॅनिक, धुक्यामुळे खोळंबले होते. घाई करा, घाई करा, म्हणून तिनंच त्यांच्या मागे लकडा लावला होता. शेवटी एकदाचा टॉवर सुरू झाल्याचा निरोप आला. सुरू झाला, म्हणजे पिवळा. हिरवा करायचा तर गाडी फिरायला हवी, आणि त्या दिवशी जवळपास गाडी होती एकच, त्याची. त्यानं तपासून ती हिरवी होईपर्यंत खिंड मागे पडली असती, पिवळ्या खिंडीत तो काही बोलायचा नाही, आणि उद्या तर रविवार. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पिवळा ठिपका हिरवा केला. पहिल्यांदाच. टॉवर तर सुरूच आहे, तपासणी काय, उपचारापुरती, असं तिनं स्वतःला सांगितलं. थोड्या वेळानं ते तिला पटलंही.

त्याचा फोन आला. "खिंड हिरवी दिसतेय."

"हो."

"दुसऱ्या विभागाची गाडी फिरली असेल. तुम्ही केलीत म्हणजे झालीच. त्यात बघायचं काय?"

तिनं स्क्रीनवरचा हिरवा ठिपका बोटानं झाकला.

"वळण आलं," तो म्हणाला. आणि मग काहीच नाही.

फोन तुटला नव्हता. स्क्रीनवर सेकंद पळत होते, ठिपका खिंडीतून हळूहळू सरकत होता, पण एक शब्द नाही. एरवी तिनं लगेच विचारलं असतं, ऐकू येतंय का? आज ते विचारणं म्हणजे पदर पसरणं वाटलं. रेंज आहे, बोलेन म्हणालेला माणूस आहे, आणि तो बोलत नाही. धीर होत नसेल, म्हणून ती थांबली. शब्द जुळवत असेल, म्हणून थांबली. मग तिला वाटलं, याचा विचार बदललाय आणि आता हा मलाही अवघडून ठेवतोय. ठिपका खिंडीच्या टोकाला पोचला तेव्हा तिनं फोन ठेवून दिला. आजवर तिनं आपणहून कधी ठेवला नव्हता.

त्यानं पुन्हा लावला नाही. संध्याकाळी रखवालदार सांगत आला की गाडीवाला चाव्या देऊन गेला, वर या म्हटलं तर आला नाही.

रविवारी तिनं मामाला होकार कळवला. तो "हो" अगदी सफाईनं बाहेर पडला. सराव झालेला होता.

चष्मेवाला खरोखरच चांगला निघाला. सकाळी तिच्याआधी उठून चहा टाकायचा, तिच्या ऑफिसातल्या गोष्टी मन लावून ऐकायचा. तिची त्याच्याबद्दल एकही तक्रार नव्हती. फक्त बोलता बोलता कोणी मध्येच गप्प झालं की ती उठून स्वयंपाकघरात निघून जायची, आणि ती का जाते हे त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही.

संसार चांगला मार्गी लागला होता, तेव्हा एक दिवस खिंडीत चहाची टपरी चालवणाऱ्या आजी ऑफिसात येऊन थडकल्या. फोनवरून तक्रार करून थकले, म्हणाल्या. दर वेळी उत्तर एकच, तुमच्याकडे नेटवर्क उत्तम आहे, नकाशावर हिरवं आहे. मग म्हटलं, तो नकाशा करणारीलाच गाठावं.

"लेक विचारते, आई, तू फोन उचलतेस आणि बोलत का नाहीस?" आजी म्हणाल्या. "मी बोलतच असते गं. मला तिचं सगळं येतं, नातवाचं रडणंसुद्धा. माझंच तिच्याकडे काही जात नाही. तिला वाटतं, मी रुसलेय."

ती खुर्चीतून उठली आणि तशीच उभी राहिली. ताईंनी दोनदा हाक मारली, ती तिला ऐकूच आली नाही.

त्याच दिवशी नकाशावरचा ठिपका पुन्हा पिवळा करून, टॉवरवाल्या काकांना घेऊन ती खिंडीत गेली. काका वर चढले, उतरले, हात पुसत म्हणाले, एक तार चुकीची जोडली गेलीय. तुमची घाई आणि माझं धुकं. टॉवर बोलतोय चांगला, पण ऐकत नाही... आपल्या साहेबांसारखा. ते हसले. तिला हसता आलं नाही.

म्हणजे तो बोलला होता. इथं, याच वळणावर. तो बोलला होता आणि त्याला तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, ताईंच्या बांगड्या ऐकू येत होत्या, तिचा श्वाससुद्धा येत असेल. आणि मग तिनं फोन ठेवल्याचा आवाज. तिनं तो रंग भरला नसता तर त्यानं नियमाप्रमाणे आधी विचारलं असतं, ऐकू येतंय का? दिवसातून शंभरदा विचारलेला प्रश्न, नेमका त्या दिवशी दोघांनीही विचारला नाही. ती कठड्यावर बसली आणि रडली. आजींनी चहाचा कप आणून शेजारी ठेवला आणि काही न विचारता परत गेल्या.

काकांनी तार बदलली. आता तपासायला कोणाला तरी फोन लावायचा होता. तिनं ताईंचा नंबर काढला, आणि लावला दुसराच.

"ऐकू येतंय का?"

पलीकडे भांडी वाजली. मग तोच हळू आवाज आला. "येतंय. कुठून बोलताय?"

"खिंडीतून."

"काय दिसतंय?"

तिनं दिसेल ते सांगितलं. काका तार गुंडाळतायत. आजींच्या टपरीवर कप पालथे घातलेत. कठड्याचा एक दगड निसटलाय. धुकं खाली उतरतंय. तो ऐकत होता. त्याच्यामागे कुठंतरी एका बाईनं त्याला जेवायला हाक मारली, आणि आलो गं, तो म्हणाला, मायेनं. मग तिनं तारेचं सांगितलं. ठिपक्याचंही सांगितलं, काही न लपवता.

"मला त्या दिवशी एक शब्दही ऐकू आला नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही बोललाच नाहीत."

"आणि मला वाटलं... ऐकून फोन ठेवलात."

"काय म्हणाला होतात?"

"आता नको. आता ऐकू जाईल."

तिनं कठड्याचा निसटलेला दगड जागेवर सरकवला. त्यालाच राहवलं नाही. "उत्तर काय होतं?"

रेंजच्या काड्या पूर्ण भरलेल्या होत्या. "हो," ती म्हणाली. आरशासमोर केलेल्या कुठल्याच सरावात तिचा आवाज असा लागला नव्हता.

तो काही बोलला नाही. सेकंद पळत राहिले. या वेळी तिनं फोन ठेवला नाही आणि त्यानंही ठेवला नाही. दोघंही खरोखरच गप्प होते, आणि त्यात नेटवर्कचा काही दोष नव्हता.

काकांनी जवळ येऊन खुणेनं विचारलं, लागला का? करायचा ना ठिपका हिरवा?

"करू या," ती म्हणाली. "आता दोन्हीकडून ऐकू येतंय."