दोणीवरची कळशी

"...आणि मग काय! कळशी कलंडली आणि आमच्या ताईचा पोर्टफोलिओ पाण्यात! कोल्हापूरच्या कॉलेजात मुलाखत दुसऱ्या दिवशी, आणि बाईसाहेबांची अक्षरं पाण्याच्या दगडी दोणीत पोहतायत!"

पडवीतली मुलं खदखदून हसली. सरबताचा ट्रे घेऊन बाहेर येणारी कावेरीताई उंबरठ्यावरच थबकली... क्षणभरच. मग ट्रे सावरून, चेहऱ्यावर नेहमीचं हसू आणून ती पुढे आली.

ही गोष्ट तिने किती वेळा ऐकली असेल! विश्वेश, तिचा पाठचा भाऊ, शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला तेव्हापासून दर वर्षीच्या मुलांना तो ती सांगत आला होता. निवृत्त झाल्यावर मे महिन्यात घरीच वर्ग भरायचा, आणि पोर्टफोलिओच्या पहिल्या दिवशी ही गोष्ट ठरलेली. "कागद जपायला शिका रे, नाहीतर माझ्या ताईसारखं व्हायचं!" गावातली कितीतरी माणसं आज पोराबाळांची झाली, पण बाजारात कावेरीताई दिसली की त्यांना आधी ती कळशीच आठवे!

आज तर त्या हसण्यात इशिताचाही आवाज होता. इशिता म्हणजे विश्वेशची नात. परवा तिची कला महाविद्यालयात मुलाखत होती, आणि तिच्या पोर्टफोलिओचं मुखपृष्ठ आज पुरं व्हायचं होतं. जाड पुठ्ठा, त्यावर निळा कागद, कडेने माडाच्या झावळ्यांची नक्षी, आणि मधोमध 'माझी चित्रं' ही अक्षरं... जवळून मोठी, लांब जाता जाता लहान होत गेलेली, जणू कुणी ती समुद्राच्या रेघेपर्यंत ओढत नेली आहेत. विश्वेशने टेबलावर टाचणी ठोकली होती, तिला जाळ्याचा बारीक दोरा बांधला होता, आणि तो दोरा ताणून अक्षराच्या एकेका कोपऱ्यापासून टाचणीकडे रेघ कशी मारायची ते तो दाखवत होता.

कावेरीताईचं लक्ष त्या दोऱ्याकडे गेलं. बाजूच्या मच्छीमार तांडेलाच्या घरून तो दोरा मागून आणायची युक्ती तिचीच! फ्रॉक घालायच्या वयात तीच विश्वेशचा हात धरून त्याला शिकवायची, "दोरो सैल सोडू नको रे, अक्षर वाकडा जाता..." पण ते आता कुणाला आठवत होतं?

"ताईआजी, खरंच तुझी अक्षरं पोहत होती?" इशिताने खोडकरपणे विचारलं.

"होय गो, माशांसारखी!" ती म्हणाली, आणि मुलं पुन्हा हसली.

तेवढ्यात एका मुलाचा कोपर लागला. रंगाच्या पाण्याचा मग आडवा झाला, आणि लालभडक पाणी टेबलावरून इशिताच्या पोर्टफोलिओकडे धावलं. कुणाला काही कळायच्या आत कावेरीताईच्या हातातला ट्रे खाली आदळला होता, ग्लास फुटले होते, आणि पोर्टफोलिओ तिच्या छातीशी होता... कोरडा! पदर मात्र लाल झाला होता.

"पाणी खाली ठेवूचा आणि कागद वर!" ती ओरडली. "कितीदा सांगूचा? कागदाच्या बाजूक पाणी कोण ठेवता रे!"

मुलं काचांपासून मागे सरकली. विश्वेश मात्र बहिणीकडे पाहतच राहिला.

कधी नव्हे ती एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून त्याचे कागद आयुष्यभर चुलीवरच्या फळीवर कुणी ठेवले? होडीतून खाडीपलीकडे जाताना त्याची चित्रं डोक्यावर कुणी धरली? हिच्या हातून कागदाला कधी थेंब लागला नव्हता. मग त्या एकाच दिवशी...

ती आत गेली. काचा गोळा करून तोही मागोमाग स्वयंपाकघरात आला. तिने चहासाठी दूध ठेवलं होतं.

"ताई, त्या दिवशी कळशी खंय होती?"

"आता कसली कळशी रे?"

"खंय होती, सांग!"

"विहिरीकडे. दोणीर." 

"आणि तुझो पोर्टफोलिओ तर फळयेर असायचो, चुलीच्या वर! तो विहिरीकडच्या दोणीत कसो गेलो गो?"

कावेरीताईने गॅस उगाच कमी-जास्त केला. तिला ती तिन्हीसांज आठवली. दोघांपैकी एकालाच कोल्हापूरला शिकायला पाठवता येईल, ज्याचं काम चांगलं तो जाईल, असं बाबांनी सांगितलं होतं. दोन्ही पोर्टफोलिओ पाहून ते काही न बोलता उठले होते, पण त्यांची नजर कुठे थांबली ते दोघांनाही कळलं होतं. आणि विहिरीमागे विश्वेश गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता...

"तुका रडताना बघवला नाय माका," ती हळूच म्हणाली. "मीच न्हेऊन बुडवलंय. हातान दाबून धरलंय... पुठ्ठो वर येय होतो."

"अगो ताई!" विश्वेश भिंतीला टेकला. "आणि मी... जन्मभर पोरांका तुझी गोष्ट सांगून हसवलंय! एकदा तरी गप रव म्हणाची होतीस!"

"पोरा हसत. बरा वाटायचा," ती म्हणाली. "आणि तू मास्तर झालंस मां! मग काय रवला?"

काय राहिलं होतं? त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. भांडी घासून, खोबरं किसून वाकडी झालेली ती बोटं आता दोरासुद्धा धरू शकली नसती... तो खाली वाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ रे खुळ्या, पोरा वाट बघतत," ती म्हणाली.

तो बाहेर गेला. मग त्याचा आवाज आला, वर्गातला, शुद्ध.

"मुलांनो, मघाशी सांगितलेली गोष्ट खोटी आहे. कळशी कलंडलीच नव्हती. आणि ही दोऱ्याची युक्ती मला जिने शिकवली..."

कुणी हसलं नाही. कावेरीताई दाराआड उभी राहून ऐकत होती. एकेक शब्द तिच्यापर्यंत पोहोचत होता, इतक्या उशिरा... डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही.

"ताईआजी! दूध!" इशिता धावत आत आली.

दूध केव्हाच उतू जाऊन गॅसवर, ओट्यावर, जमिनीवर ओघळलं होतं. या वेळी मात्र कावेरीताईचं खरंच लक्ष नव्हतं.