तानाला गावलेलं भांडं

"थांबा! हात लावू नका!"

तानाची कुदळ हवेतच राहिली. काखेत चित्रं काढायची फळी अन् हातात कागदांची गुंडाळी घेऊन एक तरणा गडी धापा टाकत टेकाड चढत होता.

"कुणाला सांगतासा पावणं?" ती कडाडली. "आज्या-पणज्यापासनं हितली पांढरी माती नेतोय आमी!"

"न्या की... पण ते भांडं—"

भांडं तिनं कधीच हेरलं होतं. कुंभाराची लेक ती! बोटांनी भोवतीची माती खरवडून तिनं ते तांबडं, काळ्या रेघांचं भांडं अलगद वर काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "बघा. फुटलंय?"

तो भांड्याकडं कुठं बघत होता! "न्हाई," तो पुटपुटला. "लई... देखणं हाय."

त्याचं नाव केदारी. जातीनं तोही कुंभारच, पण कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलेला. महाराजांच्या राज्यात ही राजधानी पसरत पसरत उंबरवाडीच्या वेशीला टेकली होती, आणि वाडीच्या टेकाडात गारगोटीची पाती, रंगीत खापरं निघतात ही बातमी एका बड्या साहेबाच्या कानी गेली होती. साहेबाला जुन्या वस्तूंचा भारी नाद. त्यानंच केदारीला चित्रं काढायला धाडलं होतं.

पुढचे आठ दिवस केदारी रोज आला. खाली तानाचा बाप गुंडू गाढवावर माती लादायचा आणि एक डोळा वर ठेवायचा.

"हे चाकावरचं न्हवं," एकदा ताना म्हणाली. "आतनं बोटं फिरवा. मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलंय. तवा चाकच नसंल."

केदारीनं बोटं फिरवली. तिची बोटं आतच होती... दोघांनीही हात झटकन काढले.

"तुमचं नाव सांगा," तो कागदावर वाकत म्हणाला.

"कशापायी?"

"भांडं कुणाला गावलं, वळ्यांचं कुणी वळखलं, ते लिवायचंय."

आपलं नाव कागदावर! त्या दिवशी ताना वाटभर स्वतःशीच हसत गेली.

नवव्या दिवशी साहेब आला. चावडीपुढं गाव जमलं. त्याच्या कारकुनानं कागद वाचला— साहेबांनी स्वतः टेकाड खणून प्राचीन भांडं शोधलं, आणि एका अडाणी कुंभारणीच्या हातून ते फुटता फुटता वाचवलं.

तानाच्या कानशिलात आग पेटली.

"खोटं हाय!" ती गर्दीतनं पुढं आली. "साहेबाच्या बुटाला तरी माती लागलीया का बघा!"

"गप्प बस!" कारकून खेकसला. भांडं पेटीत गेलं, पेटी टांग्यात. टांग्याजवळ केदारी मान खाली घालून उभा.

"तुमीच लिवलं न्हवं ह्ये?" ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "अडाणी म्हनं! परत तोंड दावू नगासा!"

तो मान न उचलता टांग्यात चढला. टांगा गेला.

चार दिवसांनी ताना अंगणात माती तुडवत होती. दारात केदारी उभा राहिला. काखेत फळी नव्हती.

"तुमचं नाव मी लिवलंतं," तो म्हणाला. "साहेबांनी खोडलं. कोल्हापुरात गेल्यावर मला साफ प्रत काढायला सांगितली. मी म्हनलं, नावाबिगर काढनार न्हाई... तवा काढून टाकलं मला."

"आन् भांडं?"

"पुण्याला गेलं. त्यावर साहेबाचं नाव हाय."

तानानं पाय आपटला. चिखल उडाला— त्याच्या धोतरावर, गालावर. त्यानं पुसला नाही.

"गेलं म्हंजे गेलंच? आमच्या टेकाडातलं! आन् तुमी त्या दिवशी चावडीपुढं मुकं का झालासा?"

"भ्यालो," तो म्हणाला. "त्याचीच लाज वाटली. सांगायला आलो... आन् दुसरंबी एक सांगायचं हुतं. तुमच्या बाला इचारायचं हुतं, म्हंजे... तुमाला आदी..."

संतापानं तानाचे डोळे भरून आले होते.

"नोकरी घालवून इचारायला आलासा?" ती फणकारली. "बा म्हनंल, पोरगा करतो काय? काय सांगू मी त्येला? आं?"

केदारीच्या चेहऱ्यावर हसू उमटत गेलं. त्यानं धोतर खोचलं, वहाणा काढल्या आणि चिखलात तिच्यापाशी पाय टाकला.

"हसू नगासा," ताना म्हणाली. "माझा राग गेल्याला न्हाई." आणि ती जरा सरकून त्याला जागा करून देऊ लागली.