कराळची खांदमळणी

लिंबाजीकाका मुखेड डेपोला बत्तीस वर्षं एसटी चालवत होते. जेवणं उरकून ते गच्चीवर सतरंजी टाकून बसले, की त्यांची नात तनुजा आणि शेजारचा प्रीतम हळूच येऊन बसत. त्या रात्री प्रीतमचं डोकं मोबाईलवरच्या गेममध्येच होतं. काकांनी त्याला तो बंद करायला सांगितलं नाही. कोणता दरवाजा लागला, एवढंच विचारलं. प्रीतम म्हणाला, शेवटचा. आता व्हिलन येणार.

"येऊ दे. पर हात जरा आवर," काका म्हणाले. "आमच्या मन्मथनं न्हाई आवरला. त्या रात्री त्याचं डोकं फुटायचं ते थोडक्यात राहिलं."

प्रीतम हसला. तनुजा मात्र पाय पोटाशी घेऊन बसली.

मन्मथ म्हणजे काकांच्या दोस्ताचा मुलगा. बसस्टँडमागं त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दोन हजार पंचवीसचा पोळा शुक्रवारी होता, आणि ही गोष्ट आदल्या दिवसाची, गुरुवारची. सकाळी निघताना आईनं, गौरम्मानं, त्याला येताना हळद आणि पावशेर लोणी आणायला सांगितलं होतं. दिवेलागणीला खांदमळणी करायची होती. जुवानं सोललेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं, उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्यानंतर पोळा होईपर्यंत राबणाऱ्याच्या अंगाला काठी लावायची नाही.

मन्मथनं सामान दुपारीच आणून दुकानात ठेवलं. पण अंधार पडला तरी त्याचा पाय दुकानातून निघेना. कारण आतल्या खोलीत त्याचं दुसरं काम चालू होतं.

तेव्हा गावातली सगळी पोरं एकच गेम खेळत होती. त्यात शेवटच्या दरवाज्याशी कराळ नावाचा राक्षस असे. हातात माणसाएवढी गदा. पण लढाई अगदी शेवटाला आली की तो गदा खाली ठेवायचा, गुडघे टेकायचा आणि म्हणायचा, "मला हे करायचं नाही." तिथं त्याला संपवलं की खेळ संपे. न संपवता नुसतं खांद्यावर मारत राहिलं, तर दर फटक्याला मारणाऱ्याची ताकद वाढे. कराळनं एकदा जरी गदा उचलली असती तर समोरचा वाचला नसता. पण ती कुणी उचललेली पाहिलीच नव्हती. पोरं त्याला भित्रा म्हणत.

दिवसभर बोट आपटायचा पोरांना कंटाळा. मन्मथनं मग पंख्याची जुनी मोटर घेतली, तिला एक आडवी पट्टी जोडली आणि पट्टीला ओल्या कापसाच्या नऊ वाती बांधल्या. खाली नऊ पोरांचे नऊ मोबाईल. काचेला ओली वात लागली की मोबाईलला ते बोटच वाटतं. थप्, थप्, थप्. तीन दिवस, तीन रात्री. कराळ दर फटक्याला कण्हायचा, म्हणून मन्मथनं आवाज बंद करून ठेवला होता. पोळ्याच्या सकाळी मोबाईल परत द्यायचा त्याचा शब्द होता.

साडेनऊला वास आला. त्याला वाटलं, उंदीर मेला असेल. कपाटं सरकवली. काही नाही. वाती ओल्या करायला तो वाकला, तर त्या ओल्याच होत्या. बोटाला बुळबुळीत, पिवळट काहीतरी लागलं. हात उचलला तशी त्याची तार निघाली, लांबच लांब... गळवातून निघते तशी. मन्मथनं तीनदा साबण लावून हात धुतला. वास नखांत तसाच.

दहा चाळीसला लाईट गेली.

मोटर थांबली. पट्टी थांबली. वाती हवेत लोंबत राहिल्या.

थप्. थप्. थप्.

आणि बंद आवाजाचे नऊही मोबाईल कण्हू लागले.

काका थांबले. प्रीतमनं मोबाईल केव्हाच उलटा करून ठेवला होता.

नऊ काचांवर नऊ कराळ. खांद्याचं मांस फाटून लोंबत होतं. तसं खेळात कुणी काढलेलं नव्हतं. मग कण्हणं थांबलं. नवांनी एकदम मान वर केली.

गदा उचलली.

शटर बाहेरून कुणी धडक द्यावी तसं आत वाकलं. भिंतीवरची कव्हरं खाली पडली. मन्मथच्या टाळूवर गार, जड काहीतरी येऊन टेकलं. दाबलं नाही. नुसतं टेकलं... आणि थरथरत राहिलं.

नऊ तोंडं त्याच्याकडं बघत होती. त्यांत राग नव्हता. किळस होती. नाल्यात कुजलेलं जनावर दिसल्यावर आपण बघतो, तशी.

"मला हे करायचं नाही."

मन्मथला हलायची सोय नव्हती. हाताशी होता फक्त लोण्याचा डबा आणि हळदीची पुडी. त्यानं ती दातानं फोडली. हळद लोण्यात कालवली. पहिल्या मोबाईलवर बोटं टेकवली.

काच नव्हती.

कोमट होतं. मऊ. बोटाखाली कातडी सरकली... आत हाडाचा कंगोरा लागला. हात काढावा वाटला, तसं टाळूवरचं ओझं वाढलं. मग त्यानं हात काढला नाही. सावकाश चोळलं. पहिला. दुसरा. तिसरा...

नववा झाला. टाळूवरचं ओझं उतरलं. लाईट आली तेव्हा सगळे मोबाईल काळे होते आणि तो भिंतीला टेकून रडत होता.

मध्यरात्रीनंतर तो घरी पोचला. गौरम्मा गोठ्यातच बसून होती. तिनं त्याचे हात हुंगले. बराच वेळ धरून ठेवले.

"कुणाचा खांदा मळून आलास बाबा?"

तिला त्यानं सांगितलं नाही; काकांना सांगितलं, तेही चार दिवसांनी. सकाळी मोबाईल वाटून टाकले, मोटर मोडून भंगारात दिली.

"मग पोरांनी गेम लावला नसेल का परत?" तनुजानं विचारलं.

"लावला की. दरवाजा उघडाच. पुढं कुणीच न्हाई."

"त्यात काय, कंपनीनं काढून टाकलं असेल," प्रीतम म्हणाला. पण आवाज बारीक.

"आसंल," काका म्हणाले. "पर पोळ्यानंतर चार दिवसांनी मी गेलतो त्या आतल्या खोलीत. खाली शहाबादी फरशी हाय, टिकावानं फुटायची न्हाई असली. तिच्यात दोन खड्डे पडलेत. शेजारी शेजारी. माणूस गुडघे टेकून लई दिवस बसला तर पडतील, तसे. मन्मथ रोज पुसतो."

ते उठले. सतरंजीची घडी घातली.

"मी बोट घातलं एकात. आतून कोमट होतं."