वाळूसाठी सावली

दुकानाचं शटर मी अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात तो वाकून आत आला. केसांत वाळू, हातात फाटकी ताडपत्री.

"एक सावली शिवून हवी होती."

"कोणाच्या मापाची?" माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणतेच.

तो हसला... आणि शटर तसंच राहिलं.

किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं त्याचं काम. हल्ली उन्हाळे कडक झालेत आणि वाळू फार तापली की अंड्यांतून माद्याच निघतात, असं त्याने सांगितलं.

"मग बिघडलं कुठे?" काजं करता करता आई म्हणाली. "मलाही तिघी मुलीच."

"पुढे बिघडतं, काकू. मोठ्या झाल्यावर त्यांना जोडीदारच मिळणार नाही."

"ते दुखणं आमच्याही घरात आहे," आई माझ्याकडे बघत म्हणाली. मेले मी लाजेने!

वाळू निवली नाही, तर पुढची अंडी दूरच्या गार किनाऱ्यावर नेणार होते. अंड्यांबरोबर तोही जाणार.

मी जीव ओतून शिवलं. जाड, काळं कापड – उन्हाचा कवडसा शिरायला नको! दोन दिवसांनी तो आला, तोंड पाडून. काळं कापड तापलं होतं, खाली हवा कोंडली होती. वाळू आणखीच भाजत होती.

मला रडू फुटलं. तो शेजारी बसला आणि टाके उसवायला लागला.

"येतं का तुम्हाला?"

"शिवता येत नाही. बिघडवायला सांगा काहीही."

मग पांढरं, पातळ कापड घेतलं आणि वारा खेळायला कडा मोकळ्या सोडल्या. या खेपेला तो अनवाणीच धावत आला. "निवली! वाळू निवली!"

पुढे एका संध्याकाळी पिल्लं निघाली. इवलाली, धडपडत पाण्याकडे चाललेली.

"यांत मुलगे किती?"

"बघून नाही कळत. मोठी व्हायला वर्षं जातात."

"आणि बाकीचा किनारा?"

"तेवढं कापड कुठून आणणार..." एका घरट्यापुरतीच तर होती आमची सावली.

शेवटचं पिल्लू लाटेत शिरलं.

"पुढची अंडी इथेच राहणार आता, या सावलीखाली," तो म्हणाला.

"आणि राखणारा?"

"त्याला... एक सावली शिवून हवी होती."

"कोणाच्या मापाची?"

"दोघांच्या."

माप घ्यायची टेप गळ्यातच होती. मी ती काढली आणि त्याच्या जवळ सरकले.