नाभीच्या आत

चिमणी, माझ्या बहिणीची मुलगी, गेल्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत भौतिकशास्त्रात गचकली. मी शाळेत तोच विषय शिकवते, म्हणून बहिणीने तिला माझ्याकडे आणून सोडलं. "काठावर का होईना, पण यंदा पार कर बाई हिला."

सूत्रं तिला तोंडपाठ होती, पण प्रयोगाला बसली की गोंधळायची. मग रोज दुपारी, जेवणं उरकली की, आम्ही मागच्या खोलीत बसायचो. टेबलावर खिडकीच्या बाजूला स्टँडमध्ये बहिर्वक्र भिंग, अलीकडे पांढरा पुठ्ठा. समोरच्या इमारतीची गच्ची पुठ्ठ्यावर उलटी आणि स्पष्ट उमटली, की भिंगापासूनचं अंतर मोजायचं. तेच नाभीय अंतर. डाव्या हाताचा मळ.

"मावशी, गच्चीत कोण उभी आहे गं?"

मी बाहेर पाहिलं. पाण्याची टाकी, वाळत घातलेली चादर. माणूस नव्हतं. पुठ्ठ्यावर मात्र नखाएवढी एक बाई होती. टाकी उलटी, चादर उलटी. ती सरळ.

मी भिंग पुसलं. कपाटातून दुसरं आणून लावलं. ती होतीच.

"काचेत दोष असेल," मी म्हणाले. दोन्ही काचांत एकच दोष कसा, हे चिमणीने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गच्ची स्पष्ट होती आणि बाई पुसट. चिमणीने पुठ्ठा मागे ओढला, तेव्हा ती नीट दिसली. बोटाएवढी.

"वस्तू भिंगाजवळ आली की प्रतिमा लांब जाते, मोठी होते. बरोबर ना?"

"बरोबर." इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य. मी उठून खिडकीची काच लावून घेतली. "घरी जायचंय का तुला?"

"नको. परत नापास झाले तर आई बोलणारच नाही माझ्याशी."

रोज पुठ्ठा मागे जात राहिला. टेबल संपलं. शेवटी तो काढून ठेवला आणि समोरची भिंतच पडदा झाली. भिंतीवर फक्त एक गाल आणि कान मावत होता.

मग एका दुपारी काहीच उमटलं नाही.

"गेली!" चिमणी किती दिवसांनी खळखळून हसली.

मला हसता येईना. वस्तू नाभीच्याही आत, अगदी भिंगापाशी आली, की पडद्यावर प्रतिमा मिळतच नाही. ती बघायची तर भिंगाला डोळा लावावा लागतो.

हे चिमणीलाही येत होतं. तिचं हसू विरलं. ती भिंगाकडे वाकली.

"नको."

"एकदाच, मावशी."

मी तिला खांद्याला धरून मागे खेचलं. खिडकी बंद होती. आम्ही दोघी भिंतीला पाठ टेकून, श्वास रोखून उभ्या.

भिंगाच्या पलीकडच्या अंगावर वाफ धरली.

विरली.

पुन्हा धरली.